पाचच्या उन्हाची नोंद

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, यवतमाळ
तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती

सन्माननीय महोदय,


रस्ता सुरक्षेचं अभियान दरवर्षी जानेवारीत होतं. आधी ते आठवड्याचं असे, 2021 मध्ये पहिल्यांदा महिन्याचं झालं. हेल्मेट, सीटबेल्ट, दारू पिऊन गाडी चालवणं, मोबाईल, ओव्हरलोड हे त्याचे नेहमीचे विषय. ते सगळे हवेतच, त्यातला एकही कमी करा असं मी म्हणणार नाही. पण याच महिन्यात आमच्या झरी जामणी तालुक्यातल्या रस्त्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ एक धोका हजर असतो आणि त्याचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन. त्याच्यासाठी हे खुलं पत्र आहे, आणि ते जानेवारीची कार्यक्रमपत्रिका ठरण्याआधी आपल्यापर्यंत पोचावं म्हणून नोव्हेंबरातच लिहितो आहे.

धुकं पडलं की सगळे सावध होतात. लाइट लावतात, हळू चालवतात, एसटीचा ड्रायव्हर मान पुढे काढून बघतो. ऊन पडलं की मात्र "आता दिसतंय" असं वाटून वेग वाढतो. सरकारी कागदही तसंच मानतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अपघातांची हवामानानुसार विभागणी असते: स्वच्छ ऊन, पाऊस, धुकं, गारा, इतर. 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 15,224 आपल्या महाराष्ट्रातली. आणि सुमारे तीन चतुर्थांश अपघात 'स्वच्छ ऊन' या रकान्यात मोडतात. वर्षातले बहुतेक दिवस उन्हाचेच असतात, त्यामुळे या आकड्यात नवल नाही. अडचण अशी की भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात झालेला अपघात आणि सूर्य थेट डोळ्यांत असताना झालेला अपघात एकाच रकान्यात जातात. ऊन म्हणजे चांगलं हवामान, असं आपण कागदावर ठरवून टाकलं आहे. ब्रिटनमध्ये पोलीस अपघाताची कारणं नोंदवताना 'डोळे दिपवणारं ऊन' हे कारण वेगळं टिपत आले आहेत, आणि तिथल्या वाहनचालकांच्या नियमपुस्तकात ऊन डोळ्यांत आलं तर वेग कमी करा, गरज पडली तर थांबा, असा स्पष्ट नियम आहे. तिथलं ऊन आपल्यापेक्षा कितीतरी मवाळ.

आता आमच्या तालुक्याचं गणित. आपण साधारण वीस उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. पंचवीसेक अंश दक्षिणेला सरकून, म्हणजे आग्नेयेच्या अंगाला उगवतो आणि तेवढाच नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो. उगवल्यावर पहिल्या तासात तो जेमतेम बारा अंश वर येतो. हात पुढे लांब करून मूठ वळली तर ती मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणजे तासाभरानंतरही सूर्य क्षितिजापासून सव्वा मूठच वर असतो. गाडीतली वरची झडप या उंचीला फारशी कामाची नाही. ती पुरती खाली घेतली तर रस्ताच झाकला जातो.

संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो हे खरं, पण सकाळ लगेच लवकर होत नाही. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, सातला सात-आठ मिनिटं कमी असताना. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन जातो, पाच पस्तीसच्या सुमाराला. घड्याळावर चालणारी माणसं, म्हणजे शाळेची पोरं, एसटी, कारखान्याची पाळी, यांना याचा हिशेब कोणी दिलेला नाही. शाळा पाचला सुटते. नोव्हेंबरच्या शेवटी पाच वाजता सूर्य एका मुठीपेक्षाही खाली आलेला असतो. म्हणजे पोरं रस्त्यावर यायला आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपायला एकच वेळ.

हे सगळ्या महाराष्ट्रालाच लागू आहे, मग झरीचं वेगळं काय, असं आपण विचाराल. वेगळं असं की आमचे रस्ते आडवे आहेत. राष्ट्रीय महामार्ग 44 पांढरकवड्यावरून पाटणबोरीकडे खाली तेलंगणात उतरतो, तो दक्षिणोत्तर. त्यावर ऊन बहुतेक वेळ बाजूने येतं. पण त्या महामार्गाकडून पाटण, झरी, मुकुटबन या बाजूला येणारी वाहतूक पूर्वेकडे तोंड करून येते आणि परत जाते ती पश्चिमेकडे. सकाळी येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन, संध्याकाळी जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. वळणावळणांचा रस्ता असल्याने ते सलगही नसतं. दोन वळणं आरामात निघतात आणि तिसऱ्या वळणाला अचानक समोर पांढरंशुभ्र होतं. "ऊन डोयात जाते जी, समोरचं काईच दिसत नाही," हे वाक्य इथे कुठल्याही ड्रायव्हरच्या तोंडी ऐकायला मिळेल.

आणि अशा वेळी समोर काय असतं, तेही सांगतो. हा कापसाचा हंगाम. वेचणीला जाणाऱ्या बायका सकाळी कडेकडेने चालत असतात किंवा ऑटोत, छोट्या टेम्पोत दाटीवाटीने बसलेल्या असतात. कापसाने भरलेल्या बैलबंड्या असतात, ज्यांचा बोजा दोन्ही बाजूंनी चाकांबाहेर आलेला असतो. फेब्रुवारीकडे पराटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, बंड्या सुरू होतात, त्या तर मातकट तपकिरी, रस्त्याच्या कडेच्या वाळलेल्या गवताच्याच रंगाच्या. पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, येणारी कोलामांची मुलं असतात. संध्याकाळी गुरं परततात. मोटारसायकलवर तिघं असतात. आणि या सगळ्यांमधून जड वाहनं जातात. मुकुटबनचा सिमेंट कारखाना 2022 पासून सुरू आहे, वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, जवळपास चुनखडीच्या खाणी आहेत. या उद्योगांनी तालुक्याला काम दिलं आहे आणि मला त्यांच्याविरुद्ध लिहायचं नाही. पण बैलाच्या चालीचा रस्ता आणि ट्रकच्या चालीचा रस्ता इथे एकच आहे, आणि त्याच्यावर धूळ आहे.

धुळीचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ऊन डोळ्यांत जातं म्हणजे नुसती बुबुळावर किरणं पडतात असं नाही. बंद घरात फटीतून तिरीप आली की एरवी न दिसणारी धूळ चमकायला लागते, तेच समोरच्या काचेवर होतं. काचेवरचा प्रत्येक कण, वायपरने ओढलेला प्रत्येक बारीक ओरखडा, आतल्या बाजूला बसलेला बिडीच्या धुराचा आणि श्वासाचा थर हे सगळं एकदम पेटतं आणि काचेचा पांढरा पडदा होतो. दुपारी जी काच स्वच्छ वाटत होती तीच काच पाचला आंधळी होते. ट्रकचा ड्रायव्हर अशा वेळी काय करतो, ते मुकुटबनच्या फाट्यावर उभं राहून बघावं. एक हात कपाळावर धरतो, दुसऱ्याने स्टेअरिंग. मग चालत्या गाडीतच खांद्यावरचा दुपट्टा ओढून काच आतून पुसतो. कोरडा दुपट्टा, त्याला घामाचं आणि डिझेलचं बोट लागलेलं. काच आणखी सारवली जाते. हेल्मेटच्या काचेचंही तेच, म्हणून कित्येक पोरं काच वर करून चालवतात आणि मग वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं.

डोळ्याच्या आतही असंच घडतं. मोतीबिंदूची नुसती सुरुवात असली तरी डोळ्यातलं भिंग प्रकाश आतल्या आत पसरवतं. असा माणूस सावलीत टांगलेल्या तक्त्यावरची अक्षरं नीट वाचू शकतो, डॉक्टरांचा शिक्का मिळवू शकतो, आणि संध्याकाळच्या उन्हात समोरची बंडी त्याला दिसत नाही. वय वाढलं की दिपलेले डोळे ताळ्यावर यायलाही जास्त वेळ लागतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. दोन सेकंद काही दिसलं नाही तर तेहतीस-चौतीस मीटर रस्ता न बघता कापला गेला. चाळीसच्या वेगाने तेच बावीस मीटर.

साग पानं टाकायला लागला की जंगलातल्या रस्त्यावर आणखी एक प्रकार सुरू होतो. उघड्या खोडांमधून ऊन आडवं येतं आणि रस्त्यावर ऊन-सावलीचे पट्टे पडतात. डोळे उन्हाला सरावलेले असतात, त्यामुळे सावलीच्या पट्ट्यात उभी असलेली गाय दिसतच नाही. उजेडातून अंधारात सरावायला डोळ्याला उलट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, हे शाळेत शिकवलेलं आहे. पण आपण ते सिनेमा थिएटरपुरतंच लक्षात ठेवतो.

टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1995 ते 2014 या वीस वर्षांतल्या सुमारे सात हजार गंभीर अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या होत्या. अपघाताची तीच जागा, तीच वेळ, पण एक आठवडा आधी आणि एक आठवडा नंतर हवा कशी होती, याच्याशी त्यांनी तुलना केली. लख्ख उन्हात जीवघेण्या अपघाताचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त निघाला. त्यात फक्त तिरप्या उन्हाचा विचार नव्हता, एकूणच लख्ख उन्हाचा होता. पण 'ऊन म्हणजे सुरक्षित' ही समजूत मोडायला तेवढं पुरे. कॅनडाच्या रस्त्यावर ना बंडी, ना गुरं, ना कोळशाची धूळ.

महोदय, या धोक्याची एक गोष्ट फार सोयीची आहे, आणि सगळं पत्र मी तिच्यासाठीच लिहितो आहे. दारू प्यायलेला ड्रायव्हर कुठून येईल हे आपल्याला आधी कळत नाही. जनावर कधी आडवं येईल ते कळत नाही. सूर्य मात्र कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या वळणावर डोळ्यांत येणार आहे, हे आजच मिनिटापर्यंत सांगता येतं. पंचांग आहे, गणित आहे, रस्त्याचा नकाशा आहे. जो धोका वेळापत्रकाने येतो त्याची तयारीही वेळापत्रकाने करता येते, आणि तशी ती आपण करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यासाठी नवा खर्चही फारसा लागत नाही. 2021 पासून पोलीस अपघाताची नोंद आयरॅड या प्रणालीत करतात. आयआयटी मद्रासने ती तयार केली, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ती चालवतं, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अपघाताचं ठिकाण आणि वेळ दोन्ही तिच्यात येतात. ठिकाण आणि वेळ मिळाली की त्या क्षणी सूर्य कुठे होता हे काढणं साधं काम आहे, आणि गाडी कुठल्या दिशेने जात होती ते पंचनाम्यात असतं. आपल्या जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्यांना सांगून मुकुटबन आणि पाटण या दोन ठाण्यांच्या हद्दीतल्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या नोंदी काढाव्यात. सूर्योदयानंतरचा दीड तास आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास एवढ्याच वेळेच्या. त्यांतल्या किती गाड्या सूर्याकडे तोंड करून होत्या, एवढाच हिशेब मांडावा. आकडा लहान निघाला तर मी चुकीच्या गोष्टीची काळजी करत होतो असं समजेन आणि मला आनंदच होईल. पण तो आधी मोजला जावा.

ब्लॅक स्पॉटच्या नेहमीच्या कसोटीवर आमचे रस्ते बसणार नाहीत, हेही इथेच सांगून ठेवतो. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू, अशी ती कसोटी. वर्दळीच्या महामार्गासाठी ती ठीक आहे. विरळ वाहतुकीच्या तालुक्यात माणसं एका जागी मरत नाहीत, वीस किलोमीटरवर विखरून मरतात. पण तारीख, वेळ आणि दिशा या तीन गोष्टींनी तीच माणसं एकत्र आणून बघितली, तर कदाचित एक ओळ दिसेल.

अपघात झाला की फिर्यादीत 'हयगयीने व भरधाव वेगात' हे शब्द ठरलेले असतात. मला ड्रायव्हरची बाजू घ्यायची नाही. ज्याला दिसत नाही त्याने वेग कमी केलाच पाहिजे, दिसत नसताना पुढे जाणं ही हयगयच. पण फिर्यादीत तेवढंच लिहून आपण थांबलो तर पुढच्या हिवाळ्यात त्याच वळणावर दुसरा ड्रायव्हर तीच हयगय करेल. पंचनाम्यात 'वाहनचालकाच्या तोंडावर ऊन होते काय' असा एक प्रश्न पोलीस अधीक्षकांनी जिल्ह्यापुरता सुरू केला, तरी दोन हिवाळ्यांत पुष्कळ काही कळेल.

कारवाईचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 112 वेगमर्यादेसाठी आहे आणि कलम 115 वाहनांवर निर्बंध घालण्यासाठी. ट्रक पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. त्याने पाळ्या बिघडतील आणि मग सगळे ट्रक एकदम सुटतील, ते आणखी वाईट. पूर्व-पश्चिम तुकड्यांवर, गावाजवळ आणि शाळेजवळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत त्या दोन वेळांना चाळीसची मर्यादा आणि ओव्हरटेकिंगला मनाई एवढं झालं तरी चालेल. फलक कायमचा नको. कायमच्या फलकाकडे कोणी बघत नाही. दिवाळीनंतर लावावा, होळीला काढावा, आणि तो अशा जागी हवा की ऊन तोंडावर येण्याच्या दोनशे मीटर आधी वाचता येईल. मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदीतही हवा, कारण ट्रक आदिलाबादकडूनही येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय काचेचा आहे. मुकुटबनच्या वजनकाट्यापाशी, पेट्रोलपंपावर, एसटीच्या वणी आणि पांढरकवडा आगारात रोज दुपारी चारला बादलीभर साबणाचं पाणी आणि स्वच्छ ओलं फडकं ठेवावं. काच बाहेरून आणि आतूनही धुतल्याशिवाय गाडी काट्यावरून पुढे जाऊ नये, असा नियम कारखाने आणि खाणी आपल्या आवारात आपणहून करू शकतात. आपल्या एका बैठकीत त्यांना सांगितलं तर ते ऐकतील. झिजलेली वायपरची रबरं बदलायला लावावीत. काळी फिल्म हा उपाय नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच ती बंद केली आहे, आणि सूर्य मावळला की तिच्यातून आणखीच कमी दिसतं. 2017 पासूनच्या नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा आपोआप सुरू राहतो, ही चांगली सोय झाली. ट्रक आणि बसलाही त्या दोन वेळांत डिपर लाइट लावायला सांगावं, म्हणजे उन्हाकडे तोंड असलेल्याला समोरून येणारी गाडी निदान दोन ठिपक्यांनी कळेल.

बंडीच्या मागे लावायला रिफ्लेक्टर वाटले जातात, ते रात्रीसाठी उत्तम. संध्याकाळी पाचला मात्र त्यांचा उपयोग नाही, कारण त्यांच्यावर मागच्या गाडीचा उजेड पडतच नाही. मागून येणाऱ्याला बंडीची फक्त सावलीतली काळी बाजू दिसते. बोज्याच्या वर हात-दोन हात उंच हलणारं भगव्या-नारिंगी रंगाचं मोठं फडकं काठीला बांधलं, तर बंडी निदान लवकर लक्षात येण्याची शक्यता वाढते. हे काम ग्रामपंचायतीचं आहे आणि ते एका दिवसाचं आहे.

पायी चालणाऱ्यांना आणि पोरांना शिकवायची गोष्ट एकच, आणि ती आश्रमशाळांत शिकवायला पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला सहज जमेल. आपली सावली बघायची. सावली लांब होऊन समोर पडली असेल तर ऊन आपल्या पाठीशी आहे. आपल्याला समोरची गाडी लख्ख दिसते, तिचा नंबरसुद्धा वाचता येतो. म्हणून आपल्याला वाटतं की तिलाही आपण दिसतो. तिला आपण दिसत नाही. लहान मूल ही चूक हमखास करतं, कारण 'मला दिसतंय म्हणजे त्यालाही दिसतंय' असंच त्याला वाटतं. अशा वेळी रस्ता ओलांडायचा नाही, डांबर सोडून कडेला उतरायचं, गाडी जाऊ द्यायची. मैदानावर संध्याकाळी दोन मुलांना समोरासमोर उभं करून हे पाच मिनिटांत दाखवता येतं. आणि शक्य असेल तिथे डिसेंबरपुरती शाळा अर्धा तास आधी सोडावी. त्या अर्ध्या तासाची भरपाई मार्चमध्ये सकाळी सहज होते.

ट्रक आणि एसटीच्या ड्रायव्हरांसाठी जानेवारीत नेत्रतपासणीची शिबिरं होतात. त्यात तक्त्याबरोबरच एक साधी चाचणी जोडावी: समोरून तिरपा उजेड टाकून तीच अक्षरं पुन्हा वाचायला लावावीत. ज्याची ओळ दोन-तीन पायऱ्यांनी घसरली त्याला पुढच्या तपासणीसाठी पाठवावं. त्याचं लायसन्स काढून घेण्याची भाषा मात्र पहिल्या दिवशी करू नये, नाहीतर पुढच्या शिबिराला कोणी येणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात होते आणि तो ड्रायव्हर महिन्या-दीड महिन्यात पुन्हा गाडीवर बसू शकतो, हे त्याला सांगणारं कोणीतरी तिथे असावं.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची पुढची बैठक होईल तेव्हा विषयपत्रिकेवर 'झरी जामणी तालुका: हिवाळ्यातील तिरपे ऊन' असा एक विषय घ्यावा, ही माझी विनंती आहे. त्या बैठकीआधी सार्वजनिक बांधकाम खात्याचे एक अभियंता, पोलीस ठाण्याचे एक कर्मचारी आणि एसटीचे एक जुने ड्रायव्हर अशा तिघांनी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साडेचार ते साडेपाच या वेळेत मुकुटबनहून पाटणकडे एक फेरी मारावी. गाडी ड्रायव्हरने चालवावी, बाकी दोघांनी पुढच्या काचेतून बघावं आणि जिथे जिथे रस्ता दिसेनासा होतो त्या जागेचा किलोमीटरचा दगड लिहून घ्यावा. त्या यादीची एक प्रत झरीच्या तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे आम्हालाही ती वाचता येईल.

आपला नम्र,
झरी जामणी तालुक्यातला एक रहिवासी